टेस्ट डेटा रात्री अर्धाच पडतो, कधी डुप्लिकेट म्हणतो, कधी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं: काय काय पाहायचं

राजेहो, जिनिंगचा काटा, दूध संकलन, कृषी केंद्र, पतसंस्था असली छोटी-मोठी सॉफ्टवेअरं तालुक्याच्या ठिकाणी बसून सांभाळणाऱ्या लोकांसाठी हे लिहितो आहे. नवीन व्हर्जन गिऱ्हाइकाकडं टाकायच्या आधी डेटाबेसमध्ये खोटा डेटा भरून पाहावाच लागतो, दोन-चार हजार शेतकरी, पन्नास हजार पावत्या, म्हणजे कापसाचा सीझन लागल्यावर सॉफ्टवेअर तग धरते की नाही ते दिवाळीच्या आधीच कळते. त्यासाठी बहुतेक जण पायथनची स्क्रिप्ट लिहितात, त्यात फेकर लायब्ररी (खोटी नावं, पत्ते, नंबर तयार करून देणारी), आणि ती रात्री आपोआप चालावी म्हणून विंडोजचा टास्क शेड्यूलर, लिनक्स असेल तर क्रॉन, टीम मोठी असेल तर जेनकिन्स. हे सेटिंग एकदा बसलं की लय आराम असतो. पण बिघडते ते सारखं त्याच त्या ठिकाणी बिघडते, आणि त्यासाठी मला सारखे फोन येतात, म्हणून एकदाच सगळं मांडून ठेवतो.

लक्षणं

स्क्रिप्ट हातानं चालवली तर चालते, रात्री शेड्यूलवर मात्र चालत नाही, किंवा मधातच थांबते. एरर नंबर १०६२, डुप्लिकेट एंट्री. १४५२, म्हणजे पोरं (जशी पावती) आहेत पण ती ज्याच्यावर टेकतात त्या मायबाप टेबलमध्ये (जसा शेतकरी) नोंद नाही. १४०६ डेटा टू लाँग, १२६४ आऊट ऑफ रेंज. सगळ्या शेतकऱ्यांचा मोबाइल नंबर एकच, २१४७४८३६४७. गावाच्या नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. रोज रात्री जरा जास्त वेळ लागत जाते आणि एक दिवस १२०५ लॉक वेट टाइमआऊट येते. एरर एकही नाही पण रिपोर्टमध्ये कापसाचं वजन उणे. आणि सगळ्यात वाईट लक्षण, लाईट गेली-आली आणि सकाळी डेटाबेस सुरूच होत नाही.

हे सगळे नंबर मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचे आहेत, काहून की आपल्याकडं बहुतेक ऑफिसात झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र टाकून देणारं पॅकेज) टाकलेलं असते आणि त्यात मारियाडीबी येते. दुसरा डेटाबेस असला तर जिथं फरक पडतो तिथं सांगतो.

पैसा नाही लागत, आधी एवढं पाहा

लॉग, म्हणजे स्क्रिप्ट चालताना काय झालं ते लिहिणारी फाइल, उघडा आणि वरून वाचा. शेवटची एरर पाहू नका, पहिली पाहा. फोनवर मला नेहमी शेवटचीच एरर वाचून दाखवतात, आणि ती बहुतेक वेळा १४५२ असते. गावाच्या टेबलमध्ये एका नोंदीवर इन्सर्ट अडकलं की त्या गावाचे शेतकरी पडत नाहीत, शेतकरी नाहीत म्हणून त्यांच्या पावत्या पडत नाहीत, आणि हजारो ओळी १४५२ च्या येतात. दुखणं एकाच ओळीत असते, बाकी सगळा त्याचा पसारा. लॉगच नसेल तर आधी लॉग सुरू करा, स्क्रिप्टचं आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलीत जाऊ द्या आणि फाइलीच्या नावात तारीख टाका. टास्क शेड्यूलरमध्ये लास्ट रन रिझल्ट शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्राम आपल्या मनानं बंद झाला. कुणी स्क्रिप्टमध्ये प्रत्येक एरर गिळणारं एक्सेप्ट-पास लिहून ठेवलं असेल तर डेटा शून्य पडूनही तिथं शून्यच दिसते.

लॉगमध्ये अजून एक गोष्ट पहिल्या ओळीत छापा, सीड, म्हणजे रँडम डेटा ज्याच्यावरून काढला जातो तो सुरुवातीचा आकडा. फेकरला जो सीड दिला तोच पुन्हा दिला तर तोच डेटा पुन्हा मिळतो. रात्री साडेतीन वाजता कुठल्या तरी एका नावावर स्क्रिप्ट पडली, सकाळी तुम्ही पुन्हा चालवली तर वेगळा रँडम डेटा आला आणि सगळं सुरळीत गेलं, मग शोधणार काय? सीड लिहिलेला असला की तीच रात्र पुन्हा उभी करता येते. मात्र लायब्ररीची आवृत्ती बदलली की त्याच सीडवर डेटा बदलू शकतो, म्हणून आवृत्ती पक्की बांधून ठेवा.

आता दुसरं, आणि हे मी कळकळीनं सांगतो. स्क्रिप्ट कोणत्या डेटाबेसला जोडलेली आहे ते डोळ्यानं पाहा. कॉन्फिग फाइलीत काय लिहिलं ते नाही, कनेक्शन झाल्यावर डेटाबेसलाच त्याचं नाव आणि होस्ट विचारा आणि ते लॉगमध्ये छापा. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात लाइव्ह (खऱ्या कामाचा डेटाबेस) आणि टेस्ट एकाच मशीनवर, एकाच झॅम्पमध्ये, नावात दोन अक्षरांचा फरक, अशी परिस्थिती असते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच अट टाका की डेटाबेसच्या नावाच्या शेवटी टेस्ट नसेल तर पुढं जायचंच नाही. टेबल रिकामं करण्याची ओळ ज्या स्क्रिप्टमध्ये आहे तिला ही अट पाहिजेच पाहिजे. आणि एसएमएस बंद आहे का तेही इथंच पाहून घ्या. ६ ते ९ पैकी कशानंही सुरू होणारा दहा आकडी नंबर रँडम काढला तर तो कुणाचा तरी खरा नंबर असू शकतो. अमुक हजार रुपये जमा झाले असा मेसेज कुठल्या तरी माणसाला रात्री दोन वाजता गेला तर तो बिचारा बँकेत जाऊन उभा राहील.

हातानं चालते, रात्री चालत नाही

हे ऐकलं की मी आधी विचारतो, लॅपटॉप आहे का? लॅपटॉप असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये त्या टास्कच्या कंडिशन्स टॅबवर जा. तिथं दोन टिका आधीपासूनच मारलेल्या असतात. एक म्हणते कम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच टास्क सुरू करा, दुसरी म्हणते बॅटरीवर गेला तर टास्क थांबवा. गावखेड्यात रात्री लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. स्क्रिप्ट दोन वाजता सुरू झाली, अडीचला लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि विंडोजनं आपल्या नियमाप्रमाणं टास्क बंद केला. सकाळी डेटा अर्धा, स्क्रिप्टमध्ये दोष काहीच नाही. दोन्ही टिका काढून टाका. सेटिंग्ज टॅबवर, वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा असा पर्याय आहे, तो मारून ठेवा. मशीन झोपत असेल तर जागं करून टास्क चालवायचा पर्याय कंडिशन्समध्येच आहे.

तिथंच असताना अ‍ॅक्शन्समध्ये स्टार्ट इन हा रकाना पाहा. तो रिकामा असला की स्क्रिप्ट तुमच्या फोल्डरमध्ये नाही तर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये उभी राहून तुमची गावांची यादी शोधते, आणि फाइल सापडत नाही म्हणते. हातानं तुम्ही आपल्या फोल्डरमधून चालवता म्हणून तेव्हा सापडते. क्रॉनमध्येही हेच, तिथं पूर्ण पाथ लिहा.

लाईटवरून अजून एक. हजार-हजार ओळींची बॅच करून कमिट करा, म्हणजे तेवढं कायम करा. सगळा डेटा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं पडेल नाहीतर काहीच नाही, असा एक गठ्ठा) टाकला आणि लाईट गेली तर इनोडीबी (मायएसक्यूएलमधला नेहमीचा टेबल प्रकार) ते सगळं परत फिरवते, आणि डेटाबेस उठायलाही वेळ लावते. उलट प्रत्येक ओळीला कमिट केलं तर पन्नास हजार ओळींना डिस्कचा जीव जाते. मधली बॅच बरी. एखादं जुनं टेबल मायआयएसएएम प्रकारचं राहिलं असेल तर तिथं रोलबॅक, म्हणजे असं परत फिरवणं, नाहीच, अर्धी बॅच तशीच पडून राहते आणि दुसऱ्या रात्री डुप्लिकेट म्हणून ओरडते. असं टेबल इनोडीबी करून घ्या.

१०६२ डुप्लिकेट

सगळ्यात जास्त येणारी एरर, आणि कारणं चार-पाच आहेत, सोप्यापासून पाहा.

काल रात्रीचा डेटा काढलाच नाही आणि सीड फिक्स आहे. मग तेच शेतकरी, तेच नंबर पुन्हा येणारच. आधी टेबल रिकामी करा. ट्रंकेट (पूर्ण टेबल एकदम रिकामं) केलं की ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा आयडी) एकपासून सुरू होते, डिलीट केलं तर पुढूनच चालू राहते, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या टेबलनं फॉरेन कीनं (पोर आणि मायबाप टेबलांमधला दुवा) धरून ठेवलेलं टेबल ट्रंकेट होत नाही, १७०१ येते, तेव्हा पोरांच्या टेबलपासून डिलीट करत मायबापाकडं या.

आकड्यांची रेंज लहान आहे. इथं लोकांचा अंदाज लय चुकतो. लॉट नंबर चार आकडी ठेवला, १० हजार शक्यता आहेत, मला तर दोनशेच पाहिजेत, मग डुप्लिकेट काहून येते असं विचारतात. हिशोब असा आहे की १० हजारातून रँडम उचलत गेलं तर १२० च्या आसपास नोंदी झाल्या की दोन सारखे निघायची शक्यता निम्म्यावर जाते. १० लाख शक्यता असल्या तर १,२०० च्या आसपास. मोबाइल नंबरच्या तर ४०० कोटी शक्यता आहेत, तरी ७५ हजार नोंदींत निम्मी शक्यता. म्हणून जिथं युनिक पाहिजे तिथं रँडमवर भरवसा ठेवू नका, क्रमानं वाढणारा आकडा घ्या आणि पाहिजे तर त्याला पुढं-मागं काही चिकटवा. फेकरमध्ये युनिक म्हणून सोय आहे, पण तीही १,००० वेळा प्रयत्न करून नवीन काही मिळालं नाही की हात वर करते, युनिकनेस एक्सेप्शन देते. तुमच्या यादीत ३०० आडनावं आहेत आणि युनिक आडनावं ५०० मागितली तर ती तरी कुठून आणणार.

युनिकचा नियमच चुकीच्या कॉलमवर लावलेला आहे. गावाच्या नावावर युनिक लावलेलं मी लय ठिकाणी पाहतो. आपल्याकडं बोरी किती, वडगाव किती, पिंपळगाव किती! खऱ्या डेटालाही ते अडणारच आहे, टेस्ट डेटानं आधी दाखवून दिलं एवढंच. गावाला कोड द्या, २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तो वापरा आणि युनिक त्याच्यावर लावा.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी: आयडी स्वतः आकडा देऊन भरले असतील तर सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा आकडा) मागंच राहतो, आणि नंतर सॉफ्टवेअरमधून पहिली पावती फाडली की डुप्लिकेट येते. भरून झाल्यावर सेटव्हॅलनं सीक्वेन्स पुढं सरकवा.

१४५२, मायबाप नाही

क्रम पाहा. जिल्हा, तालुका, गाव, शेतकरी, पावती, पावतीच्या ओळी, पेमेंट. याच क्रमानं भरायचं. क्रम बरोबर असूनही येत असेल तर स्क्रिप्टमध्ये शेतकऱ्याचा आयडी कसा निवडला ते पाहा. बहुतेकांनी १ ते २,००० मधून रँडम आकडा उचललेला असतो. पण आयडी सलग असतात हे गृहीत धरूच नका, एखादी बॅच रोलबॅक झाली की इनोडीबी ते आकडे परत वापरत नाही, मधात भोकं पडतात. आयडी टेबलमधूनच वाचून घ्या आणि त्या यादीतून उचला.

आणि कृपा करून फॉरेन की चेक बंद करून डेटा कोंबू नका. चेक पुन्हा चालू केला म्हणजे आधी भरलेलं तपासलं जाते असं नाही, चुकीच्या ओळी तशाच राहतात, आणि मग शेतकरीच नसलेल्या पावत्यांवर रिपोर्ट टेस्ट करत तुमचे दोन दिवस जातात.

१४०६ आणि १२६४, कॉलममध्ये मावत नाही

मोबाइलसाठी इंट (पूर्णांकाचा) कॉलम घेतला की झालं. इंटची कमाल २१४७४८३६४७, आणि आपला कुठलाही मोबाइल नंबर ६०० कोटींच्या वरच. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारं सेटिंग) चालू असेल तर १२६४ येते, बंद असेल तर डेटाबेस गुपचूप कमाल आकडा टाकून मोकळा होते, म्हणून सगळ्यांचा नंबर एकच दिसते. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आधीपासून चालू येतो, तो कुणी बंद केला असेल तर टेस्ट मशीनवर पहिले चालू करा. मोबाइल, पिनकोड, खाते क्रमांक हे अक्षर म्हणून ठेवायचे, त्यांची बेरीज कुणी करत नाही.

मराठी नावांची रुंदी डोळ्यानं मोजू नका. क्षीरसागर हे आडनाव आपल्याला पाच अक्षरी दिसते, कम्प्युटर क, हलंत, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र असे नऊ मोजतो, आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) मध्ये त्याचे २७ बाइट होतात. मायएसक्यूएलचा व्हारचार (मजकुराचा कॉलम) अक्षरं मोजतो म्हणून तिथं नऊ लागतात. ओरॅकलचा व्हारचार२ नेहमीच्या सेटिंगमध्ये बाइट मोजतो, तिथं २० चा कॉलम या एका आडनावाला पुरत नाही. टेस्ट डेटात इंग्रजी नावं भरून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यांना हे कधीच सापडत नाही, म्हणून आपल्या यादीत लांबलचक जोडाक्षरांची नावं मुद्दाम टाका.

प्रश्नचिन्हं

साखळी पाहायची: फाइल, कनेक्शन, टेबल. तिन्ही यूटीएफ-८ पाहिजेत, मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४. एक जरी कडी लॅटिन१ (जुनी, इंग्रजीसारख्या लिपीपुरती पद्धत) राहिली तरी मराठी गेली. कोणती कडी ते ओळखायला एक ओळ काढा आणि नावाचा हेक्स (आत खरे कोणते बाइट साठले ते) पाहा. ई०ए४ किंवा ई०ए५ नं सुरू होणारे तीन-तीन बाइट दिसले तर आत मराठी शाबूत आहे, दाखवणारा स्क्रीन चुकतो आहे. ३एफ ३एफ ३एफ दिसले तर आतच प्रश्नचिन्हं साठली आहेत, मूळ अक्षरं आता कुठंच नाहीत, दुरुस्त करत बसू नका, कनेक्शनचा कॅरेक्टर सेट नीट करून डेटा पुन्हा भरा. एसक्यूएल सर्व्हर असेल तर कॉलम एनव्हारचार पाहिजे आणि थेट लिहिलेल्या मराठी मजकुराच्या आधी मोठा एन लावावा लागते, नाहीतर तिथंही प्रश्नचिन्हंच. गावांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही केली असेल तर सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार निवडला होता का ते पाहा. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य करते हेही ध्यानात ठेवा, १६ आकडी खाते क्रमांक तिथं गेला की शेवटचा आकडा गेला.

एक बारीक गोष्ट, आपल्या भागातच जास्त दिसते. वऱ्हाडे हे आडनाव. यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच अक्षर घेऊन त्याला हलंत, किंवा र खाली नुक्ता आणि मग हलंत, किंवा र हलंत आणि त्याला चिकटलेला न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. डेटाबेसला ते वेगळे वाटू शकतात, मग शोधायला गेलं की शेतकरी सापडत नाही, आणि एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. पायथनच्या युनिकोडडेटामधलं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिले दोन प्रकार एक करून देते, जॉइनरवाला मात्र तुम्हाला स्वतः बदलून घ्यावा लागते. टेस्ट डेटात तिन्ही प्रकारचे वऱ्हाडे टाका आणि सर्चवर काय येते ते पाहा, हा तपास मी प्रत्येक सॉफ्टवेअरला लावतो.

एरर नाही पण डेटा खोटा वाटते

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. एका जिनिंगच्या ऑफिसातल्या पोरानं मला फोनवर पावती वाचून दाखवली, “दादा, भरलेली गाडी ८४० किलो, खाली गाडी २,३१० किलो, निव्वळ कापूस उणे १,४७० किलो, अन् पेमेंट बी काढलं ना यानं, शेतकऱ्याकडूनच येणं दाखवते.” डेटाबेसनं काहीच तक्रार केली नाही, काहून की दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच आहेत. रँडम आकडे सुटे-सुटे काढले की असंच होते. आधी खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचं वजन काढा, गाडीच्या प्रकाराप्रमाणं, तुमच्या काट्यावरच्या पावत्या पाहून रेंज ठरवा. मग कापसाचं वजन काढा. भरलेलं वजन म्हणजे या दोघांची बेरीज, ते रँडम काढायचंच नाही. तसंच रक्कम कधी रँडम काढू नका, किलोला १०० नं भागून क्विंटल करा, भावानं गुणा आणि कॉलम डेसिमल (नेमका आकडा साठवणारा) ठेवा, फ्लोट (अंदाजे साठवणारा) नाही, पैशाच्या बाबतीत पैसा-पैशाचा फरक बेरजेत दिसून येते.

डेटाबेसमध्ये चेक लावून ठेवा की भरलेलं वजन खाली वजनापेक्षा जास्तच पाहिजे. मात्र मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक लिहू देतात आणि पाळत काहीच नाहीत. म्हणून जुन्या मशीनवर सुरळीत चाललेली स्क्रिप्ट नव्या मशीनवर ३८१९ देऊन पडते. ती स्क्रिप्ट आता बिघडली नाही, जुन्या मशीनवर तिची चूक झाकली जात होती. मारियाडीबी १०.२.१ पासून चेक पाळते.

तारखा. पावतीची तारीख नोंदणीच्या आधीची नको, पेमेंट पावतीच्या आधीचं नको. कापूस खरेदी मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये होते, रँडमनं वर्षभर सारखी पसरली तर सीझनमधल्या एका दिवशी जी खरी गर्दी होते ती टेस्टमध्ये कधी येतच नाही आणि सॉफ्टवेअर हळू पडते ते गिऱ्हाइकालाच आधी कळते. दिवस आधी की महिना आधी हा घोळ असेल तर १२ तारखेपर्यंतच्या तारखा बिनबोभाट उलट्या पडतात आणि १३ पासून एरर येते, त्यामुळं डेटा अर्धाच पडलेला दिसला आणि पडलेल्या सगळ्या नोंदी १ ते १२ तारखेच्याच असल्या की समजून जा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ) असेल तर पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी आदल्या दिवसात जातात, दूध संकलनवाल्यांनी हे खास पाहा.

सातबाऱ्याचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, १०० आर म्हणजे एक हेक्टर, दोन वेगळे रकाने असतील तर आरचा आकडा ० ते ९९ च पाहिजे. पिनकोड विदर्भातला असेल तर ४४ नं सुरू झाला पाहिजे.

आधार नंबर सॉफ्टवेअर तपासत असेल तर रँडम १२ आकडे दहातून नऊ वेळा नापास होतात, शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून व्हेरहॉफ नावाच्या पद्धतीनं काढलेला असतो. आता बरोबर निघणारा आकडा काढला तर तो कुणाचा खरा असू शकतो. खरा आधार ० किंवा १ नं सुरू होत नाही, म्हणून टेस्टला ० किंवा १ नं सुरू होणारेच घ्या आणि शेवटचा आकडा तेवढा बरोबर काढा. आणि काही जण सुचवतात तसं खऱ्या शेतकऱ्यांचीच यादी कॉपी करून टेस्टमध्ये टाकू नका. ती माणसं आपल्यावर भरवसा ठेवून कागद देतात, आणि आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे.

हळू होत जाते, १२०५ येते

आता जरा किचकट. शो प्रोसेसलिस्ट (चालू कनेक्शनची यादी देणारी कमांड) चालवून पाहा, कालची अडकलेली स्क्रिप्ट अजून कनेक्शन धरून बसलेली असते. लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्यानं धरून ठेवलेली नोंद सुटावी म्हणून, ५० सेकंद वाट पाहून इनोडीबी १२०५ देते. लाइव्ह सॉफ्टवेअर त्याच टेबलवर उघडं ठेवून टेस्ट डेटा भरू नका.

डिस्क पाहा. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) आधीपासून चालू असतो आणि ३० दिवस साठतो. रोज रात्री लाखो ओळी भरायच्या आणि पुसायच्या, पुसलेलं टेबलमधून गेलं तरी लॉगमध्ये दोन्ही राहते, महिनाभरात छोटी डिस्क भरते. फक्त टेस्टचं मशीन असेल तर मुदत दोन-तीन दिवसांवर आणा. त्या फाइली हातानं उडवू नका, पर्ज कमांडनं काढा. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरत असाल तर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, तीही पाहून घ्या.

इथं थांबा, माणूस बोलवा

लाईट गेल्यावर झॅम्पमध्ये डेटाबेस सुरू होत नाही आणि त्याच सर्व्हरमध्ये लाइव्ह डेटा आहे, तर एकही फाइल डिलीट करू नका. आयबीडेटा१ नावाची फाइल काढून टाका म्हणजे सुरू होते असा सल्ला सर्रास फिरतो, सुरू होतेही, पण आत टेबलांची नोंद त्याच फाइलीत असते, नुसत्या उरलेल्या फाइलींवरून मग टेबल उघडत नाहीत. इनोडीबी फोर्स रिकव्हरीचा (बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीनं उठवायच्या सेटिंगचा) आकडा वाढवत नेण्याचंही तसंच, ४ आणि त्याच्या वरचे आकडे डेटा कायमचा खराब करू शकतात. फक्त टेस्ट डेटा असता तर मीच म्हटलं असतं, उडवा आणि नव्यानं भरा, सीड आहेच आपल्याकडं.

टेस्टची स्क्रिप्ट लाइव्हवर चालली असं लक्षात आलं तरीही थांबा. सॉफ्टवेअर सगळ्या काउंटरवर बंद करा, खोट्या ओळी निवडून डिलीट करत बसू नका, काहून की तेवढ्या वेळात खऱ्या पावत्याही फाटत असतात आणि पेमेंट जोडली जातात. डिस्क भरली नाही तरी रीड-राइट एरर येत असतील किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करून ठेवा, ते डेटाबेसचं काम नाही, डिस्कवाल्याचं आहे.

बोलवाल तो डेटाबेसचं काम रोज करणारा पाहिजे, कम्प्युटर फॉरमॅट करून देणारा नाही. डिस्कचं दुखणं नसेल तर तो येईपर्यंत डेटाबेस सर्व्हिस बंद करून पूर्ण डेटा फोल्डरची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, एरर लॉगची फाइल वेगळी काढा, आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा, शेवटचा चांगला बॅकअप कोणत्या तारखेचा आहे आणि तो उघडून कधी पाहिला ते सांगा, आणि लाईट गेल्यापासून कुणी-कुणी काय-काय करून पाहिलं ते खरं-खरं क्रमानं सांगा, झॅम्प पुन्हा टाकून पाहिलं असेल तर तेही.